तिसऱ्या डिव्हिजनपासून या : पुण्यात फुटबॉल क्लब काढू पाहणाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. आपण नेमके कोण, हे मलाही अजून माहीत नाही. कदाचित आपला बांधकामाचा व्यवसाय असेल, कदाचित चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना असेल, कदाचित आपण सॉफ्टवेअरमध्ये दोन पैसे गाठीशी बांधले असतील आणि आता या शहरासाठी काहीतरी करावं असं मनात आलं असेल. पण आपण येणार याची मला खात्री आहे. काही वर्षं गेली की पुण्यात कोणीतरी मोठा फुटबॉल क्लब काढतंच. म्हणून आपण यायच्या आधीच हे पत्र लिहून ठेवतोय.

मी दापोडीत राहतो. पुणे जिल्ह्याच्या लीगमध्ये तिसऱ्या डिव्हिजनला खेळणाऱ्या एका क्लबचा सचिव आहे. सचिव म्हणजे फॉर्म भरणारा, फी भरणारा, जर्स्या धुवायला नेणारा, सरावाच्या मैदानावर सकाळी फक्की मारणारा आणि सामना संपल्यावर बॉल मोजून पिशवीत भरणारा माणूस. क्लबचं नाव लिहीत नाही. जे लिहितोय ते आमच्यासारख्या कितीतरी क्लबांचं आहे.

मोठे क्लब या शहराने जवळून पाहिलेत. २००७ साली पुणे एफसी निघाला. आयलीग या देशपातळीवरच्या लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून खेळून तो वर गेला, २००९-१० पासून आयलीग खेळला आणि २०१२-१३ ला देशात दुसरा आला. सहा हंगाम झाले आणि पहिला संघ बंद झाला. भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम टिकला. शिवाजीयन्स हा १९८७ पासूनचा क्लब डीएसके शिवाजीयन्स या नावाने २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन हंगाम आयलीगमध्ये होता. एफसी पुणे सिटी २०१४ ला इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, या नव्या लीगबरोबर आला, २०१७-१८ ला सेमीफायनलला पोचला आणि २०१९ ला संपला. त्याची जागा हैदराबादला गेली. त्याच हैदराबादने २०२१-२२ ला आयएसएल जिंकली, तेव्हा आमच्या पोरांनी तो सामना मोबाइलवर पाहिला. आनंद व्हावा की वाईट वाटावं, त्यांना कळत नव्हतं.

या क्लबांबद्दल माझ्या मनात राग नाही. बालेवाडीच्या स्टेडियमवर स्टँडमध्ये उभा राहून मी घसा बसेपर्यंत ओरडलोय. त्यांनी चांगले प्रशिक्षक आणले, पोरांना चांगली मैदानं दाखवली. प्रत्येकाच्या जाण्याला त्याची त्याची कारणं असतील, ती मालकांना ठाऊक. मला दिसतं ते एवढंच, की चारही गेले आणि तिसरी डिव्हिजन होती तिथेच आहे. २०२५ मध्ये तर आयएसएलचा हंगामही वेळेवर सुरू होऊ शकला नाही. देशातले मोठमोठे खेळाडू घरी बसून होते आणि आमची पोरं नेहमीसारखी सकाळी साडेसहाला सरावाला येत होती. आपला क्लब टिकायचा असेल तर तो या साडेसहाच्या सरावाला जोडलेला असला पाहिजे, एवढंच मला सांगायचंय. ते कसं जोडायचं हे कळण्यासाठी खालची लीग चालते कशी हे आपल्याला माहीत हवं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पुण्यात वरून खाली चार पायऱ्या आहेत. सुपर डिव्हिजन, मग पहिली, दुसरी आणि तळाला तिसरी. हंगामाच्या सुरुवातीला क्लबने प्रवेश फी भरायची, खेळाडूंची नोंदणी करायची. तिसऱ्या डिव्हिजनला संघ फार, म्हणून गट पाडतात. गटात प्रत्येकाशी एकेक सामना. जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. गटातले वरचे संघ पुढच्या फेरीत जातात, आणि तिथून निवडक संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चढतात. बाकीचे पुढच्या वर्षी पुन्हा इथेच. वर्षभर घाम गाळून हाती पडतात फक्त चार-पाच सामने. एक रविवार वाया गेला तर वर्ष हातचं जातं.

मागे एका हंगामात आमचा सामना शिवाजीनगरला एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर होता. महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तेच मैदान. सकाळी पावणेआठचा सामना. साडेसातला आमची सहा पोरं जर्सी घालून बसलेली. दोघं पोलीस भरतीच्या परीक्षेला गेलेले, एकाच्या गावची यात्रा, एकाला ताप, आणि उरलेले शनिवारची तिसरी शिफ्ट करून भोसरी-चाकणहून निघालेले. फुटबॉलच्या नियमात मैदानावर सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच होत नाही. रेफरींनी मला घड्याळ दाखवलं. वाईट माणूस नव्हता, उलट दोनदा म्हणाला, 'सर, फोन लावा परत.' मी फोन लावत होतो आणि तिकडे नुसती रिंग वाजत होती.

सातवा आला तो धावतच. अंगात कंपनीचा शर्ट, पायात सेफ्टी शूज, डोळे लाल. कोणी काही बोललं नाही. एकाने त्याची जर्सी पुढे केली, दुसऱ्याने शिनगार्ड दिले, आमचा गोलकीपर खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायला लागला, कारण पोराचे हात थरथरत होते. रेफरींनी त्याचं कार्ड पाहिलं, फोटोशी चेहरा ताडून पाहिला, शिनगार्ड चाचपले आणि शिट्टी वाजवली. सात विरुद्ध अकरा.

पहिल्या हाफमध्ये आमच्यावर एकच गोल झाला. मधल्या वेळेत आणखी दोघं पोचले. त्यांची नावं आधीच यादीत दिलेली असल्यामुळे त्यांना उतरता आलं. शेवटी आम्ही ०-२ हरलो. घरी जाताना कोणी हरल्यासारखं चालत नव्हतं.

आता यातलं गणित पाहा. त्या दिवशी वॉकओव्हर दिला असता, म्हणजे न खेळताच सामना सोडला असता, तर निकाल ०-३ लागला असता. गटातले चार सामने संपले तेव्हा आमचे दोन विजय, एक बरोबरी, एक हार, म्हणजे ७ गुण. दुसऱ्या एका संघाचेही ७. आमची आपसातली लढत १-१ अशी बरोबरीत सुटलेली. मग गोलफरक, म्हणजे मारलेल्या गोलांतून खाल्लेले वजा. आमचा अधिक ३, त्यांचा अधिक २. वॉकओव्हर दिला असता तर आमचाही अधिक २ झाला असता आणि प्रश्न केलेल्या गोलांवर गेला असता, जिथे ते आमच्या एक गोल पुढे होते. म्हणजे नाइट शिफ्ट करून आलेल्या त्या पोराने आम्हाला एका गोलाने पुढच्या फेरीत नेलं. तिथे आम्ही हरलो, ती गोष्ट वेगळी. पण तळाची लीग म्हणजे काय, हे मला त्या एका सकाळी जितकं कळलं तितकं कधी कळलं नव्हतं. तिथे मारलेला गोल जितका मोलाचा, तितकाच न खाल्लेला गोलही मोलाचा असतो. मैदानात सात जण उभे करणं हाच अर्धा सामना असतो.

आपण येताना सहसा प्रशिक्षक परदेशातून आणता, लोगो मुंबईत बनवून घेता. ते जरूर करा. पण सुरुवातीला हे सातचं गणित कोणाकडून तरी समजून घ्या.

दुसरी गोष्ट नोंदणीची, आणि ही मला फार लागून राहिलेली आहे. पूर्वी सगळा कारभार कागदावर चालायचा. जन्मदाखल्याची झेरॉक्स, दोन फोटो, मुख्याध्यापकांची सही. आता देशभरासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची ऑनलाइन नोंदणी आहे, तिला आम्ही सगळे सीआरएस म्हणतो. प्रत्येक खेळाडूला एक क्रमांक मिळतो आणि तो कोणत्या वर्षी कोणत्या क्लबकडे होता याचा इतिहास तयार होतो. क्लब बदलायचा तर जुन्या क्लबने त्याला सोडावं लागतं.

हे कशासाठी महत्त्वाचं? फिफाच्या नियमानुसार करारातला खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात ज्या ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटले जातात. आमचं पोर परदेशी जाईल की नाही ते सोडा. पण त्या नियमामागचा विचार बघा. बारा वर्षांच्या मुलाला बॉल थांबवायला शिकवणाऱ्याचंही त्या खेळाडूत काहीतरी आहे, हे जगाने मान्य केलंय. आणि ते सिद्ध करायला लागते ती नोंद. म्हणून मी रात्री बसून एकेका पोराची माहिती भरतो. नाव जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर वेगळं असतं, तारखा जुळत नाहीत, फोटो अपलोड होत नाही. पण भरतो.

काही वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका अकादमीने आमची तीन पोरं नेली. चांगलं मैदान, राहायची सोय, रोज दोन वेळा सराव. मी स्वतः त्यांच्या आईवडिलांना समजावलं की पाठवा, आणि लगेच सोडपत्र दिलं. पैसे मागितले नाहीत, ते आमच्या मनातही नव्हतं. दोन वर्षांत अकादमीचं शटर पडलं. पोरं परत आली. दोघांचं काम झालं. तिसऱ्याची नोंदणी त्या अकादमीच्या नावावरच अडकली. सोडणारं कोणी उरलं नव्हतं. फोन बंद, ऑफिस रिकामं. सतरा वर्षांचं पोर, ऐन खेळायच्या वयात, पूर्ण हंगाम साइडलाइनला बसलं. सामन्याला मात्र प्रत्येक वेळी यायचं. बॉल बाहेर गेला की आणून द्यायचं. पुढच्या वर्षी त्याची नोंदणी सुटली, पण तोवर त्याने कुरिअरची नोकरी धरली होती. आता तो येत नाही. रस्त्यात भेटला की विचारतो, 'सर, यंदा आपला गट कसा आहे?'

क्लब बंद करताना माणसं मैदानाचं भाडं चुकतं करतात, बसचे पैसे चुकते करतात. पोरांची नोंदणीही तशीच चुकती करा, ही माझी हात जोडून विनंती आहे. क्लब सुरू करायच्या दिवशीच ठरवून ठेवा, की उद्या काही कारणाने बंद करावा लागला तर शेवटचा माणूस ऑफिसला कुलूप लावायच्या आधी प्रत्येक खेळाडूला मोकळं करेल.

वर जायचा जिना आज आहे, हे मात्र कबूल केलं पाहिजे. जिल्ह्याच्या वर राज्याची लीग, तिथून २०२३ पासून सुरू झालेली आयलीग ३, मग आयलीग २, मग आयलीग, जिचं नाव आता इंडियन फुटबॉल लीग झालंय, आणि वर आयएसएल. बरीच वर्षं आयएसएलचं दार खालच्यांना बंद होतं. २०२३ ला पंजाब एफसी खालून जिंकून वर गेला, २०२४ ला कोलकात्याचा मोहम्मेडन. थेट वरच्या मजल्यावर उतरायची सोयही असते. वाराणसीचा इंटर काशी २०२३ ला थेट आयलीगमध्ये आला आणि दोन हंगामांत आयएसएलला पोचला. तो रस्ता चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, नियमातच बसतो. पण पुण्याने थेट वर बसलेले संघ उठून गेलेले पाहिलेत. आपण या खेपेला खालून चढून बघा. बरीच वर्षं जास्त लागतील. त्या वर्षांत आपल्याला दापोडी, खडकी, येरवडा, वानवडी, देहूरोडची पोरं नावानिशी माहीत होतील, आणि त्यांच्या गल्ल्यांना आपला संघ माहीत होईल. मग बालेवाडीला लोक आणायला फुकट पास वाटावे लागणार नाहीत.

कोल्हापूरकडे बघा ना. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा खेळायला उतरले, किंवा दिलबहार, शिवाजी तरुण, बालगोपाल, प्रॅक्टिस, की हजारो माणसं जमतात. आयएसएल नाही, आयलीग नाही, साधी शहराची लीग. पण प्रत्येक संघामागे एक तालीम, एक पेठ उभी आहे. आजोबांनी ज्या संघाला शिट्ट्या मारल्या, त्याच संघासाठी नातू घसा फोडतो. तो संघ कोणी विकत घेऊन दुसऱ्या गावी नेऊ शकत नाही, कारण तो कुणा एकाचा नाहीच. तिथूनच अनिकेत जाधवसारखा मुलगा निघतो आणि २०१७ ला भारताकडून सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळतो. पुण्यातही तालमी आहेत, मंडळं आहेत, पण आपल्याकडे फुटबॉल छावण्यांच्या कडेकडेने वाढला. पलटणींनी आणला, रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या वस्त्यांनी उचलला. पेठांत तो फारसा शिरला नाही. ते काम आपल्या हातून होऊ शकतं. गणपतीत ढोलपथकासाठी महिना महिना सराव करणारी पोरं-पोरी या शहरात आहेत. त्यांच्यासमोर त्यांच्या पेठेचा संघ उभा करा आणि बघा.

मैदानांबद्दल फार लिहीत नाही, आपल्याला दिसेलच. बहुतेक सराव मातीवर, पावसाळ्यात चिखलात. एक एवढंच सांगतो, की नवीन टर्फ घालण्याआधी आहे त्या मैदानावर रोलर फिरवायला आणि दगड वेचायला माणूस लावलात तरी कितीतरी गुडघे वाचतील.

रेफरींबद्दल मात्र दोन शब्द हवेत. तळाच्या सामन्याला येणारा रेफरी बहुतेक वेळा कुठेतरी नोकरी करणारा असतो. एका सकाळी पाठोपाठ सामने घेतो, उन्हात. शिव्या खातो, आमच्याही पोरांच्या खातो, आणि त्यासाठी मी नंतर पोरांना फैलावर घेतो. तो नसेल तर लीग नाही. आपण खेळाडूंवर खर्च कराल, त्यातला थोडा भाग तरुण रेफरींच्या प्रशिक्षणाला द्या. आपल्या क्लबमधून गुडघा गेला म्हणून खेळ सोडलेल्या पोराला शिट्टी हातात द्या. आमच्याकडच्या एकाने असंच केलं. आता तो लाइन सांभाळतो, ऑफसाइडला झेंडा वर करताना त्याचा हात जराही डगमगत नाही, आणि त्याला तिथे पाहून मला तो खेळत होता तेव्हापेक्षा जास्त अभिमान वाटतो.

आणि एक. आपला दुसरा संघ, ज्युनिअर संघ जिल्ह्याच्या लीगमध्ये जरूर उतरवा, पण मनापासून उतरवा. कागदावर संघ दाखवायचा म्हणून उतरवू नका, आणि शेवटच्या सामन्याला वरचे खेळाडू आणून आमच्या पोरांवर दहा गोल मारूही नका. तळाच्या पोरांना मोठ्या संघाशी खेळायला फार आवडतं. आठवडाभर आधीपासून झोप येत नाही त्यांना. त्यांच्याशी बरोबरीच्या वयाची, बरोबरीच्या तयारीची पोरं खेळवा. सामना संपल्यावर आपल्या प्रशिक्षकाने आमच्या पोरांपाशी दोन मिनिटं थांबून सांगितलं, की डाव्या पायाने पास देताना शरीर असं ठेव, तर ते वाक्य त्या पोराच्या तोंडून मी पुढची दोन वर्षं ऐकेन.

पुढच्या हंगामाची संघनोंदणी निघाली की मी नेहमीप्रमाणे फाइल घेऊन जाईन. आपण आलात तर रांगेत भेटू. फॉर्मला खेळाडूंचे फोटो लागतात, तारखांची खातरजमा आदल्या रात्रीच करून ठेवा, नाहीतर दुसरा खेटा पडतो. अडलात तर मी करून देईन. आणि गटात आपला सामना आमच्याशी पडला, तर सकाळी पावणेआठला आमचे सात जण तरी नक्की उभे असतील. बाकीचे शिफ्ट संपवून येत असतील. त्यांची नावं यादीत आधीच लिहिलेली असतील.

आपला,
तिसऱ्या डिव्हिजनमधल्या एका क्लबचा सचिव,
दापोडी, पुणे